मागेल तेवढा श्वास

रेग्युलेटर हा शब्द मराठी घरात आता परका राहिलेला नाही. पंख्याचा वेग कमीअधिक करणारा एक रेग्युलेटर भिंतीवर असतो आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरवर बसणारा दुसरा ओट्याखाली असतो. आमच्या दिल्लीत या शब्दाला तिसराही एक अर्थ आहे. इंडिया गेटच्या बाजूने निघून कॅनॉट प्लेसकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे जुन्या माणसांचा कर्झन रोड, आणि त्याच्या आसपासचे रस्ते हे कचेऱ्यांचे रस्ते आहेत. तेथे रेग्युलेटर म्हटले की नियम करणारा, परवानगी देणारा आणि रोखणारा अधिकारी किंवा त्याचे मंडळ डोळ्यांपुढे उभे राहते. मीही त्याच मार्गावर फायलींच्या सहवासात दिवस घालवणारा मनुष्य आहे. परंतु आज ज्या रेग्युलेटरविषयी बोलावयाचे आहे तो चौथ्याच जातीचा होय. तो पाणबुड्याच्या पाठीवर असतो, पाण्याखाली काम करतो, आणि त्याने परवानगी देण्यास विलंब लावला तर अर्जदाराला अपील करण्याची सवड मिळत नाही.

१९५० ते १९७० या दोन दशकांत तयार झालेले असे जुने श्वासनियामक उघडावेत, धुवावेत, त्यांचे झिजलेले भाग बदलावेत आणि ते पुन्हा श्वास घेण्याजोगे करावेत, हा गेली काही वर्षे माझा फावल्या वेळेचा उद्योग आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात हा छंद अनेकांना चमत्कारिक वाटतो. परंतु या उद्योगाने एक प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा उभा केला आहे आणि तो केवळ पाणबुड्यांपुरता नाही. जुनी वस्तू जतन करणे म्हणजे नेमके काय करणे? तिच्यातील काय राखावे आणि काय निःसंकोच फेकून द्यावे? या यंत्रापुरते त्याचे उत्तर स्पष्ट आहे, कारण येथे चुकीच्या उत्तराची किंमत लगेच मोजावी लागते.

प्रथम पाण्याखाली श्वास घेण्यात अडचण कोणती, ते पाहू. भारतीय युद्धाच्या अखेरीस दुर्योधन डोहात जाऊन लपला, तो जलस्तंभनविद्येच्या बळावर. ज्यांना ती विद्या अवगत नाही त्यांना वाटते की, एखादी लांब नळी तोंडात धरून तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवले म्हणजे झाले. वीतभर खोलीपर्यंत हे साधते. एक मीटर खाली मात्र छातीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅमचा अधिक भार पडतो, आणि बाहेरच्या साध्या दाबाची हवा आत ओढून घेण्याइतकी शक्ती आपल्या बरगड्यांच्या स्नायूंत नाही. दहा मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, तीस मीटरवर चौपट. म्हणजे पाणबुड्याला नुसती हवा पुरत नाही. तो ज्या खोलीवर असेल त्या खोलीच्या दाबाची हवा लागते. वर चढताना तो दाब कमी झाला पाहिजे, खाली जाताना वाढला पाहिजे, आणि हे सारे त्याने हात न लावता झाले पाहिजे.

या प्रश्नाचे पहिले मोठे उत्तर खाणीतून आले. बेन्वा रुकेरोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १८६० मध्ये दूषित वायूने भरलेल्या खाणीत उतरणाऱ्यांसाठी एक नियामक तयार केला. १८६४ मध्ये ओग्युस्त देनेरूझ या नौदलातील लेफ्टनंटाच्या साहाय्याने तो पाण्याखाली वापरण्याजोगा झाला. ज्यूल व्हर्नच्या पाताळसफरीच्या कादंबरीत कॅप्टन नेमोची माणसे जे उपकरण पाठीवर घेऊन समुद्रतळावर चालतात, ते याच दोघांचे म्हणून व्हर्नने सांगितले आहे. हा नेमो मूळचा बुंदेलखंडातील राजपुत्र, १८५७ च्या उठावात भाग घेतलेला, असे व्हर्नने पुढच्या एका कादंबरीत उघड केले. तेव्हा कल्पनेच्या प्रांतात तरी या यंत्राचा पहिला मोठा उपयोग एका भारतीयाने केला, असे म्हणावयास हरकत नाही! त्या काळच्या धातुकामाला फार मोठ्या दाबाच्या टाक्या झेपत नसत, त्यामुळे ही युक्ती काळाच्या पुढे राहिली आणि मागे पडली.

तिचा पुनर्जन्म झाला तो दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोलच्या टंचाईमुळे. त्या वर्षांत आपल्याकडेही कोळशाच्या गॅसवर मोटारी धावत असत. पाठीमागे कोळशाची भट्टी बांधलेल्या सर्व्हिस गाडीची आठवण जुन्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितलेली आहे. जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये हीच पाळी आली होती. पॅरिसमध्ये एर लिकीद या कंपनीत एमिल गान्यां नावाचे अभियंते होते. मोटारीच्या एंजिनाला हवा तेव्हा हवा तेवढा गॅस मिळावा यासाठी त्यांनी एक झडप तयार केली होती. १९४२ च्या डिसेंबरात झाक-ईव्ह कूस्तो हे नौदलाचे अधिकारी त्यांच्याकडे आले आणि एंजिनाची ही झडप माणसाच्या फुप्फुसासाठी वापरता येईल काय, असा विचार सुरू झाला.

१९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली परीक्षा झाली. कूस्तो आडवे पोहत होते तोवर यंत्र उत्तम चालले. ते उभे राहिले तेव्हा हवा भसाभसा वाया जाऊ लागली, आणि डोके खाली पाय वर केले तेव्हा श्वास ओढणे कठीण झाले. परतताना दोघांनी कारण शोधून काढले. हवा देणारी झडप पाठीवर होती आणि उच्छ्वास सोडणारी झडप तिच्यापासून दूर. शरीर उभे होताच दोहोंच्या पातळीत फरक पडे. पातळीत फरक म्हणजे पाण्याच्या दाबात फरक, आणि तेवढ्या फरकाने नियामकाचा हिशेब चुके. उपाय अगदी सोपा निघाला. उच्छ्वासाची नळी मागे वळवून तिची झडप श्वास देणाऱ्या पडद्याच्या शेजारी आणून ठेवली. त्याच वर्षी जून महिन्यात दक्षिण किनाऱ्यावर बांदोलजवळ कूस्तो नवे उपकरण घेऊन समुद्रात उतरले आणि माणूस दोर व नळी यांच्या बंधनातून मुक्त होऊन माशासारखा निर्धास्त पोहला. जुन्या रेग्युलेटरांना डोक्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणाऱ्या दोन जाड वळकट्यांच्या नळ्या का असतात, त्याचे मूळ मार्न नदीतील त्या गैरसोयीत आहे. एक नळी हवा आणते. दुसरी उच्छ्वास परत पाठीमागे नेते, केवळ देणे आणि सोडणे एकाच पातळीवर राहावे म्हणून.

युद्धानंतर १९४६ पासून ही उपकरणे बाजारात आली. फ्रान्समध्ये ला स्पिरोतेक्निक या कंपनीने आणि अमेरिकेत यू. एस. डायव्हर्सने ती केली. इंग्लंडमध्ये सीब गॉर्मन यांनी केली. १९५५ मध्ये निघालेला मिस्ट्रल हा नमुना त्यातील अत्यंत साधा म्हणून नावाजला गेला. १९५६ मध्ये कूस्तो व लुई माल यांच्या चित्रपटाला कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि समुद्रतळाचे रंग जगाने पडद्यावर पाहिले. परंतु त्याच दशकात ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड यांनी पॉरपॉइज या नावाने एकनळी नियामक काढला होता. त्यात दाब उतरवण्याचे काम दोन ठिकाणी वाटलेले होते, अर्धे टाकीपाशी आणि अर्धे तोंडापाशी. तो सुटसुटीत आणि स्वस्त होता. हळूहळू तीच रचना सर्वत्र रूढ झाली आणि दुनळी यंत्रे पेट्यांत, माळ्यांवर व भांडारघरांत जाऊन पडली.

आता या यंत्राचे पोट उघडून पाहू. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांनी दोन उथळ पितळी ताटल्या तोंडाला तोंड लावून बसवल्या आहेत, अशी कल्पना करावी. दोहोंच्या मध्ये रबराचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्याच्या एका बाजूस, भोके पाडलेल्या ताटलीतून, समुद्राचे पाणी येते. दुसऱ्या बाजूस पाणबुड्याच्या श्वासाची हवा असते. पाणबुड्याने श्वास ओढला की हवेच्या बाजूचा दाब किंचित उतरतो, पाणी पडद्याला आत ढकलते, पडदा एका तरफेवर टेकतो, तरफ झडप उघडते आणि टाकीतील हवा आत येते. श्वास पुरा झाला की दाब समान होतो, पडदा मागे सरकतो, झडप मिटते. खोली वाढली की पाण्याचा रेटा वाढतो, म्हणून येणारी हवाही तेवढ्याच दाबाची येते. मोजमाप पाणीच करते. यंत्र केवळ त्याचा निरोप पोहोचवते.

ज्यांना हे तत्त्व ओळखीचे वाटेल त्यांची ओळख चुकीची नाही. आपल्या गॅसच्या सिलिंडरवरील रेग्युलेटरमध्येही पडदा, स्प्रिंग व तरफ असेच कुटुंब नांदते. तो मात्र घरी कोणी उघडू नये. फरक आहे तो नाजूकपणाचा. शेगडीला गॅस मिळतो तो पाण्याच्या सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाने. पाणबुड्याच्या यंत्राने तीन सेंटिमीटर स्तंभाइतक्या ओढीला जाग दिली पाहिजे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या पडद्यावर ही ओढ पाव किलोहूनही कमी भार टाकते. आणि झडपेच्या पलीकडे टाकीत दीडशे-दोनशे वातावरणांचा दाब कोंडलेला असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ते दोनशे किलो. एवढ्या हलक्या हाताने एवढा मोठा दरवाजा उघडावयाचा आणि बंद करावयाचा, तोही मिनिटाला पंधरा-वीस वेळा! म्हणून बहुतेक यंत्रांत काम दोन पायऱ्यांत होते. पहिली पायरी टाकीचा दाब सभोवारच्या पाण्यापेक्षा सुमारे ८ ते ९ वातावरणे अधिक, इतका खाली आणते. दुसरी पायरी तो श्वासाच्या पातळीवर आणते. मिस्ट्रल मात्र हे सर्व एकाच पायरीत करतो, आणि त्यातच त्याची कीर्ती आहे.

या शोधाने आपल्या किनाऱ्याला काय दिले, तेही सांगितले पाहिजे. गोव्यात दोना पावला येथील, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० नंतर सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. शि. रं. राव यांच्या नेतृत्वाखाली १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात शोध झाला आणि पाण्याखालून दगडी बांधकामाचे अवशेष व दगडी नांगर प्रकाशात आले. गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची खडकावर फुटलेल्या एका पोर्तुगीज काळातील जहाजाच्या अवशेषांतून तोफा, हत्तीचे दात आणि पाणघोड्याचे दात मिळाले. विजयदुर्गाच्या तटापासून काही अंतरावर समुद्रात बुडालेली भिंत आहे, तिचीही पाहणी पाणबुड्यांनी केली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा जलांतर्गत विभाग २००१ मध्ये सुरू झाला. शिवछत्रपतींच्या सिंधुदुर्गाला वेढणाऱ्या मालवणच्या पाण्यात आज शेकडो पर्यटक प्रवाळ पाहावयास बुडी घेतात, आणि तारकर्लीला पर्यटन महामंडळाने त्यासाठी प्रशिक्षणाची सोय केली आहे. या सर्वांच्या तोंडात आहे तो आधुनिक एकनळी नियामक. परंतु तो ज्या कुळातला आहे त्याचा मूळपुरुष म्हणजे ती दोन पितळी ताटल्यांमधील रबरी पडद्याची युक्ती.

महाराष्ट्राचे नवे सदन २०१३ पासून आमच्या कस्तुरबा गांधी मार्गावरच आहे. तेथे कामानिमित्त उतरलेले देवगड तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ एकदा माझ्याकडे आले असता टेबलावर असे एक यंत्र उघडे पडले होते. त्यांनी दोन्ही वळकट्यांच्या नळ्या हातात घेतल्या, दाबल्या, सोडल्या, आणि हसून म्हणाले, "साहेबानू, ह्यो तर लोहाराचो भातो!" उपमा वरवरची होती, पण नंतर मला वाटले की भात्यात आणि यात एक मोलाचा भेद आहे. भात्याने वारा घालावा लागतो. हे यंत्र वारा घालत नाही. कोणी मागितल्यावाचून ते काही देत नाही, मागितले त्याहून अधिक देत नाही आणि मागणाऱ्याला थांबवूनही ठेवत नाही. नियमनाची इतकी निर्दोष व्याख्या मला कुठल्याही नियमपुस्तिकेत आढळलेली नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. पन्नास-साठ वर्षे पडून राहिलेले यंत्र हाती आले की पहिला नियम असा की, ते टाकीला जोडून "चालते का" असे पाहू नये. आधी उघडावे. टाकीकडून हवा जेथे शिरते तेथे कांस्याच्या कणांची दाबून केलेली एक छोटी गाळणी असते. तिचा रंग हे यंत्राच्या चारित्र्याचे प्रमाणपत्र असते. ती स्वच्छ असेल तर बरे; हिरवी झालेली असेल तर खारे पाणी कधीतरी आतपर्यंत गेले आहे असे समजावे. पितळी भांडे कळकते तसाच हा कळंक असतो. आपल्या आजीने तो चिंचेने काढला असता. या कामात कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून भाग काही मिनिटे बुडवतात, मऊ कुंचल्याने घासतात आणि साध्या पाण्याने पुष्कळ धुतात. जास्त वेळ ठेवले तर आम्ल पितळेलाही खाते आणि वरचा क्रोमचा मुलामा पापुद्रे धरून सुटतो. घाई आणि अतिउत्साह हे दोघेही येथे सारखेच शत्रू आहेत.

धातूचे भाग बहुधा वाचतात. त्या काळच्या कारागिरांनी पितळ हात राखून वापरलेले नाही. रबराचे मात्र तसे नाही. नैसर्गिक रबर काही वर्षांत कडक होते, त्याला भेगा पडतात किंवा ते चिकट होऊन बोटांना काळे लागते. उष्णता व हवेतील ओझोन यांनी ही क्रिया झपाट्याने होते. दिल्लीचे मे आणि जून हे रबराला मुळीच मानवत नाहीत. पडदा, उच्छ्वासाची बदकाच्या चोचीसारखी झडप, तोंडाशी असलेल्या दोन एकमार्गी झडपा, नळ्या आणि सर्व ओ-रिंगा, एवढे सारे नवे घालावेच लागते. मूळ कंपन्यांकडून हे भाग आता येत नाहीत. परदेशात काही छांदिष्टांनी सिलिकॉन रबराचे पडदे व झडपा तयार केल्या आहेत, त्या उपयोगी पडतात. वंगण घालावयाचे ते सिलिकॉनचे. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते, आणि दाबलेल्या हवेच्या वाटेत तेलाचा अंशही नसावा, हा पाणबुड्यांचा जुना दंडक आहे.

येथे एका मोहाविषयी बोलले पाहिजे. जुन्या वस्तूंच्या शौकिनाला "मूळचे" या शब्दाची भुरळ असते. पडद्यावर कंपनीचे नाव आहे, नळीवर त्या काळचा शिक्का आहे. हे काढून टाकावयाचे म्हणजे इतिहास काढून टाकणे, असे त्याला वाटते. वस्तू काचेच्या कपाटात ठेवावयाची असेल तर त्याचे म्हणणे योग्य आहे; मग तिला हातही लावू नये. परंतु ती तोंडात धरून पाण्यात उतरावयाचे असेल तर जुने रबर ठेवणे हा इतिहासाचा आदर नव्हे, ती केवळ भाबडी ममता आहे. वीस मीटर खोलीवर फाटलेला पडदा आपण कोणत्या सालचे आहोत हे सांगत नाही. तो पाणी आत घेतो. शोभेचे जतन आणि श्वासाचे जतन हे दोन वेगळे धर्म आहेत. कोणता पाळावयाचा ते आधी ठरवावे आणि मग त्यात भेसळ करू नये.

रबर बदलले, धातू स्वच्छ झाला, म्हणजे खरा कस लागतो तो झडपेच्या बैठकीचा. दाबाची हवा एका बारीक, धारदार कडेच्या तोंडातून येते, आणि त्या तोंडावर मऊ द्रव्याची एक चकती टेकून ते बंद करते. वर्षानुवर्षे टेकून चकतीवर वर्तुळाकार खाच पडते, म्हणून चकती बदलतात. परंतु धातूच्या कडेवर केसाएवढा जरी चरा असेल तरी नवी चकतीही हवा रोखू शकत नाही. तो चरा भिंगाने पाहिल्यावाचून दिसत नाही आणि हाताने चाचपून कळत नाही. त्याचा पत्ता लागतो तो दाबमापकावर. पहिल्या पायरीनंतरच्या दाबाला मापक जोडावे, टाकी उघडावी आणि शांत बसून काट्याकडे पाहावे. झडप निर्दोष असेल तर काटा एका जागी येऊन खिळतो. सदोष असेल तर तो खिळल्यासारखा दिसतो, आणि पाच-दहा मिनिटांत हळूच, चोरपावलांनी वर सरकू लागतो. या सरकण्याकडे दुर्लक्ष करून पुढची जुळवणी करणे म्हणजे पाया खचत असताना भिंतीला रंग देणे. सर्वांत कठीण साधन कोणते, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, ही दहा मिनिटे काही न करता काट्याकडे पाहत बसण्याची सवय.

काटा स्थिर झाला म्हणजे जुळवणी, ज्याला वाद्यांच्या बाबतीत आपण सूर लावणे म्हणतो. सतार जशी खुंटीच्या थोडक्या फेऱ्याने सुरात येते किंवा बेसूर होते, तसेच हे काम आहे. प्रथम पहिल्या पायरीची स्प्रिंग कमीअधिक ताणून मधला दाब ठरलेल्या आकड्यावर आणतात. मग दुसऱ्या पायरीच्या तरफेची उंची पाहतात. तरफ फार उंच राहिली तर ती पडद्याला सतत टेकून राहते आणि हवा थांबतच नाही. फार खाली राहिली तर पडदा आत येऊनही झडप पुरती उघडत नाही. त्यानंतर स्प्रिंगचा ताण. तो सैल केला की श्वास सुखाचा होतो, परंतु आणखी थोडा सैल केला की यंत्र आपोआप वाहू लागते. तो घट्ट केला की गळती थांबते, पण प्रत्येक श्वास ओढून घ्यावा लागतो. श्रमाचा श्वास ही केवळ गैरसोय नव्हे. त्याने पाणबुडा थकतो, श्वास अपुरा सोडला जातो, अंगात कर्बवायू साठतो, आणि खोल पाण्यात त्यातून गोंधळ व भीती उत्पन्न होते.

हा श्वासाचा भार मोजण्यास महाग उपकरण लागत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून लाकडी फळीवर बांधावी, तीत रंगीत पाणी भरावे, बाजूला शाळेतील मोजपट्टी लावावी. नळीचे एक टोक यंत्राच्या तोंडाशी जोडून हलकेच श्वास ओढावा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती सेंटिमीटर फरक पडला असता झडप उघडते, ते पट्टीवर वाचावे. अडीच ते चार सेंटिमीटरांच्या दरम्यान ती उघडली तर यंत्र सुरात आहे. हीच परीक्षा टाकी भरलेली असताना एकदा आणि ती जवळजवळ रिकामी असताना पुन्हा करावी लागते. कारण कित्येक जुन्या यंत्रांत टाकीच्या दाबाबरोबर झडपेवरील रेटाही बदलतो. भरल्या टाकीवर गोड वाटणारे यंत्र अखेरच्या हवेवर कसे वागते, ते आधीच माहीत असले पाहिजे. पाणबुड्याला यंत्राची खरी गरज तेव्हाच असते.

शेवटची परीक्षा पाण्यात. दिल्लीकराला समुद्र नाही, पण पोहण्याचा तलाव आहे. तेथे मार्न नदीचा धडा पुन्हा गिरवता येतो. तोंडाचा भाग हातात धरून तो पाठीवरील यंत्रापेक्षा उंच केला की हवा आपोआप वाहू लागते; खाली आणला की थांबते. पालथे पोहताना पाठीवरील पडदा फुप्फुसांपेक्षा वीतभर उंच असतो, म्हणून श्वास थोडा जड लागतो. उताणे वळताच तो हलका होतो. हे यंत्राचे दोष नव्हेत, तो पाण्याचा स्वभाव आहे. मात्र तो शरीराला ठाऊक झाला पाहिजे. या यंत्रांना बहुधा टाकीतील उरलेली हवा दाखवणारा मापक नसे. टाकीवर एक राखीव दांडी असे, श्वास जड झाला की ती ओढावयाची आणि वर यावयाचे. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेणाऱ्या माणसाला २०० वातावरणांपर्यंत भरलेली १२ लिटरची टाकी दोन तास पुरेल. तीस मीटरवर तीच अर्ध्या तासात संपते. तेव्हा ज्याने रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि ज्याच्या सोबत आधुनिक उपकरण घेतलेला जोडीदार नाही, त्याने असे यंत्र घेऊन समुद्रात मुळीच उतरू नये. जुन्या यंत्रावरील प्रेम हा पोहण्याचा परवाना होऊ शकत नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? नवे यंत्र सर्व बाबतींत अधिक चांगले, अधिक सुरक्षित आहे, हे मी निमूटपणे मान्य करतो. दुनळी यंत्राचे बुडबुडे मानेमागून वर जातात, तोंडासमोर येत नाहीत, त्यामुळे मासे कमी बुजतात आणि छायाचित्र स्वच्छ येते, हा एक लहानसा लाभ. मोठा लाभ निराळा आहे. हे यंत्र एका माणसाला साध्या हत्यारांनिशी एका संध्याकाळी पुरते समजून घेता येते. त्याच्या पोटात असे काहीही नाही की ज्याचे कारण डोळ्यांना दिसत नाही. ज्यावर आपला जीव अवलंबून आहे ती वस्तू आपल्याला समजते, ही भावना आजच्या बंद डब्यांच्या जगात दुर्मीळ झाली आहे. ती एकदा अनुभवलेला मनुष्य नवे यंत्र वापरतानाही अधिक डोळस राहतो.

आणि म्हणूनच माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती करावीशी वाटते. सरकारी भांडारात वस्तूची मुदत भरली की तिचे निर्लेखन होते. निरुपयोगी असा शेरा येतो, यादी होते, सही होते, आणि वस्तू भंगाराच्या वजनावर जाते. हे आवश्यक आहे. प्रत्येक जुनी वस्तू ठेवू लागलो तर कचेरीत बसण्यास जागा उरणार नाही. परंतु आपल्या बंदरांतून, गोद्यांतून, समुद्राशी संबंध असलेल्या खात्यांतून जी पहिल्या पिढीची पाणबुडी-साधने अजून कोठे पडून असतील, त्यांच्या यादीवर सही करण्यापूर्वी पेटी एकदा उघडून पाहावी. पितळेचे वजन किलोत होते. त्या पितळेने आपल्या माणसांना समुद्राचा तळ दाखवला, याचे वजन काट्यावर येत नाही. दहांतील नऊ खुशाल जाऊ द्यावीत. एक ठेवावे, त्याच्यासोबत ते कोणी, कोठे, कशासाठी वापरले याचा चार ओळींचा कागद ठेवावा, आणि ते वापरलेला कोणी वृद्ध पाणबुडा हयात असेल तर तो कागद त्याच्याकडून लिहवून घ्यावा. रबर पुन्हा मिळते. ती आठवण मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

सुरात लावलेल्या नियामकाचे लक्षण विचारले तर जुने जाणकार सांगतात की, पाण्यात गेल्यावर काही मिनिटांत त्याचा विसर पडतो. माणूस प्रवाळ पाहतो, मासे पाहतो, बुडालेल्या भिंतीचे दगड चाचपतो. श्वास चालू आहे हे त्याच्या ध्यानीही नसते. पाठीवर दोन पितळी ताटल्यांमध्ये एक पडदा दर तीन-चार सेकंदांनी आत जातो, बाहेर येतो, आणि आपल्या कर्तबगारीची कोठेही नोंद ठेवत नाही. नियमनाचे काम करणाऱ्या कोणालाही, मग तो पितळेचा असो की हाडामांसाचा, याहून मोठी शाबासकी मिळण्याजोगी नाही.